स्टिकी नोट्स वापरताना या चुका टाळा

२०२५ च्या दिवाळीपूर्वी आमच्या कार्यालयातील जुने संगणक बदलण्याचे काम निघाले, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा संपत होता. संगणक बसवायला आलेल्या मुलाने प्रत्येकाचे 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' आणि 'डाउनलोड्स' हे फोल्डर काळजीपूर्वक बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, ई-मेल नव्या यंत्रावर आणले आणि मगच जुन्या डिस्क फॉरमॅट केल्या. दुसऱ्या दिवशी वसुलीचे काम पाहणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी संगणक सुरू केला, तेव्हा पडद्याच्या उजव्या कडेला रोज दिसणाऱ्या, विंडोजमधील 'स्टिकी नोट्स' या टिपणांच्या प्रोग्रॅमच्या पिवळ्या चिठ्ठ्यांपैकी एकही दिसेना.

"अरे, तू डेस्कटॉप घेतला होतास ना? मग माझ्या डेस्कटॉपवरच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?" त्यांनी विचारले.

"मॅडम, डेस्कटॉपवर होतं ते सगळं घेतलंय. चिठ्ठ्यांची फाइल त्यात नव्हतीच," तो म्हणाला.

दोघांचेही म्हणणे खरे होते. कोणत्या ग्राहकाने किती रक्कम कधी देण्याचे कबूल केले, याची सहा महिन्यांची टिपणे मात्र गेली. मी तेव्हापासून या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागलो आणि माझ्या लक्षात आले की स्टिकी नोट्स वापरणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच गैरसमजात आहे: चिठ्ठी जिथे दिसते, तिथेच ती असते, असे आपण धरून चालतो.

चिठ्ठी नेमकी कुठे असते

थ्रीएम कंपनीने १९८० मध्ये अमेरिकेत बाजारात आणलेली कागदाची चिकट चिठ्ठी जिथे लावली तिथेच राहते आणि ती फाडली तरच जाते. संगणकाच्या पडद्यावरील चिठ्ठी मात्र एका फाइलमधील नोंद असते, आणि प्रोग्रॅम सुरू असेपर्यंत ती नोंद आपल्याला पिवळ्या चौकोनाच्या रूपात दिसते. विंडोज ७ मध्ये सर्व चिठ्ठ्या 'स्टिकीनोट्स डॉट एसएनटी' या एकाच फाइलमध्ये साठत असत. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून जुन्या प्रोग्रॅमच्या जागी स्टोअरमधील नवे स्टिकी नोट्स आले आणि चिठ्ठ्या 'प्लम डॉट एसक्यूलाइट' नावाच्या डेटाबेस फाइलमध्ये साठू लागल्या.

ही फाइल सहज सापडत नाही. सी ड्राइव्हमधील 'युजर्स' फोल्डर उघडून त्यातील आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये जावे. तेथे 'ॲपडेटा' हा फोल्डर लपवलेला असतो, म्हणून आधी फाइल एक्सप्लोररमधील 'व्ह्यू' मेनूतून लपवलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय निवडावा. 'ॲपडेटा'मध्ये 'लोकल', त्यात 'पॅकेजेस', त्यात मायक्रोसॉफ्ट स्टिकी नोट्सच्या नावाने सुरू होणारा लांबलचक नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत 'लोकलस्टेट' अशी ती वाट आहे. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीत, 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' यांचा बॅकअप चालू आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की त्या बॅकअपमध्ये हा फोल्डर येत नाही.

फाइल सापडल्यावर पुष्कळजण आणखी एक चूक करतात: ते फक्त 'प्लम डॉट एसक्यूलाइट' एवढीच फाइल उचलतात. तिच्याशेजारी त्याच नावापुढे 'वॉल' आणि 'एसएचएम' ही अक्षरे जोडलेल्या आणखी दोन फाइली अनेकदा असतात. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या कार्यपद्धतीत ताजे बदल आधी 'वॉल' फाइलमध्ये लिहिले जातात आणि नंतर सवडीने मुख्य फाइलमध्ये उतरवले जातात. त्यामुळे मुख्य फाइल एकटीच नेली, तर कालपरवा लिहिलेल्या चिठ्ठ्या, म्हणजे नेमक्या सर्वांत गरजेच्या, मागे राहू शकतात. म्हणून स्टिकी नोट्स पूर्ण बंद करून 'लोकलस्टेट' हा संपूर्ण फोल्डरच नकलून ठेवावा. नव्या संगणकावर प्रोग्रॅम एकदा उघडून बंद करावा आणि मग तेथील 'लोकलस्टेट'मध्ये या फाइली ठेवाव्यात. प्रोग्रॅम पुन्हा उघडला की चिठ्ठ्या जागेवर येतात.

डिस्क फॉरमॅट न करता जुन्या विंडोजवरच नवी विंडोज चढवली असेल, तर आशा सोडू नये. अशा वेळी सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर तयार होतो आणि जुन्या वापरकर्त्याचा 'ॲपडेटा' त्यात सापडू शकतो. नवी आवृत्ती चढवल्यानंतर साधारण १० दिवसांनी विंडोज हा फोल्डर आपोआप काढून टाकते, त्यामुळे शोध लगेच घ्यावा.

'रिपेअर' आणि 'रिसेट' यांतील गफलत

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. एखाद्या दिवशी स्टिकी नोट्स उघडत नाही, उघडून लगेच बंद होते किंवा नुसता रिकामा चौकोन दाखवते. वापरणारा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जातो, ॲप्सच्या यादीत स्टिकी नोट्स शोधतो, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडतो आणि तेथे त्याला 'रिपेअर' व 'रिसेट' अशी दोन बटणे एकाखाली एक दिसतात. दोन्ही शब्द दुरुस्तीचेच वाटतात, परंतु त्यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत. 'रिपेअर' प्रोग्रॅमची दुरुस्ती करते आणि साठवलेल्या माहितीला हात लावत नाही. 'रिसेट' मात्र प्रोग्रॅमला पहिल्या दिवसाच्या स्थितीत नेते, आणि पहिल्या दिवशी त्यात एकही चिठ्ठी नव्हती, हे आपण त्या क्षणी विसरलेलो असतो. प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवणे हा अनेकांचा आवडता उपायही तितकाच धोक्याचा आहे, कारण प्रोग्रॅमबरोबर त्याचा वर सांगितलेला फोल्डरही काढला जातो.

योग्य क्रम असा ठेवावा. प्रथम संगणक एकदा बंद करून सुरू करावा. त्याने काम झाले नाही, तर काहीही दाबण्यापूर्वी 'लोकलस्टेट' फोल्डरची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी. मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून स्टिकी नोट्सचे अपडेट आले आहे का, ते पाहावे, त्यानंतर 'रिपेअर' करून पाहावे आणि अगदी शेवटी, नक्कल हाती असल्याची खात्री असेल तरच, 'रिसेट'कडे वळावे. दुसऱ्याच्या संगणकावर काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी हा क्रम विशेष पाळावा, कारण त्यांच्या दृष्टीने जो एक बिघडलेला प्रोग्रॅम आहे, त्यात समोरच्या माणसाची महिनोन्‌महिन्यांची कामे लिहिलेली असतात.

फुली कशासाठी आहे

विंडोज ७ मधील चिठ्ठीच्या कोपऱ्यातील फुली चिठ्ठी नष्ट करण्यासाठी होती. आता त्याच जागी असलेली फुली चिठ्ठी केवळ पडद्यावरून बाजूला करते. चिठ्ठ्यांच्या यादीत ती शिल्लक असते आणि तेथे दोनदा क्लिक केले की परत उघडते. जुनी सवय असलेले लोक त्यामुळे दोन प्रकारे फसतात. काहीजण फुली मारून नको असलेली चिठ्ठी गेली असे समजतात आणि यादीत शंभरएक शिळ्या चिठ्ठ्या साचू देतात, तर काहीजण फुली चुकून दाबली गेली म्हणून घाबरतात आणि मजकूर पुन्हा लिहायला बसतात. चिठ्ठी दिसेनाशी झाली, तर टास्कबारवरील स्टिकी नोट्सच्या चिन्हावर उजवे क्लिक करून चिठ्ठ्यांची यादी उघडावी; बहुतेक वेळा ती तेथेच असते.

खरोखर नष्ट करण्याचा पर्याय तीन टिंबांच्या मेनूत आहे. कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबूनही चिठ्ठी जाते, म्हणून त्या चुकून दाबल्या जाण्याचा धोका लक्षात ठेवावा. नष्ट करण्यापूर्वी प्रोग्रॅम खात्री विचारतो, परंतु 'पुन्हा विचारू नका' या चौकटीत आपण एकदा खूण केली, की हे संरक्षण संपते. सेटिंग्जमध्ये जाऊन खात्री विचारण्याचा पर्याय पुन्हा चालू करता येतो. तो चालूच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका क्लिकची बचत त्या जोखमीच्या मानाने काहीच नाही.

कोणत्या खात्याने साइन इन केले आहे

२०१८ मध्ये आलेल्या स्टिकी नोट्सच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केल्यास चिठ्ठ्या इंटरनेटवरही साठतात आणि मोबाइलवरील वननोट या टिपणांच्या ॲपमध्ये दिसतात. आमच्या सहकारी बाईंनी एवढे एकच केले असते, तरी त्यांची टिपणे वाचली असती. साइन इन केलेल्या माणसाने चिठ्ठी चुकून नष्ट केली, तर आउटलुकच्या संकेतस्थळावर त्याच खात्याने जाऊन 'डिलीटेड आयटम्स' हा फोल्डर पाहावा. पुष्कळदा ती तेथे सापडते.

मात्र खाते निवडताना विचार करावा लागतो. कार्यालयाने दिलेल्या खात्याने साइन इन केले असेल, तर चिठ्ठ्या त्या खात्याच्या मेलबॉक्सबरोबर साठतात, आणि नोकरी सोडल्यावर ते खाते बंद झाले की त्याही हातातून जातात. मुलांच्या शाळेची फी, आईच्या औषधांच्या वेळा, सोसायटीच्या सभेतील मुद्दे अशी घरची टिपणे कार्यालयाच्या खात्यात ठेवू नयेत. उलट, ग्राहकांची माहिती घरच्या खात्यात नेणे हेही योग्य नाही. दोन ठिकाणी दोन वेगळी खाती वापरली आणि मग 'घरी लिहिलेली चिठ्ठी कार्यालयात दिसत नाही' अशी तक्रार केली, असेही मी पाहिले आहे. अशा वेळी दोन्ही संगणकांवरील सेटिंग्जमध्ये खात्याचा पत्ता तपासावा आणि तेथील 'सिंक नाऊ' हे चिठ्ठ्या इंटरनेटवरील नोंदींशी जुळवून घेणारे बटण दाबावे.

सकाळी चिठ्ठ्या दिसत नाहीत

प्रोग्रॅम सुरू नसेल, तर चिठ्ठ्या दिसत नाहीत, आणि संगणक सुरू झाला म्हणून प्रोग्रॅम आपोआप सुरू होईलच असे नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' आणि त्यात 'साइन-इन ऑप्शन्स' येथे, बंद करताना उघडी असलेली ॲप्स पुढच्या वेळी पुन्हा उघडण्याचा पर्याय आहे. तो चालू करून संगणक बंद करताना चिठ्ठ्या उघड्या ठेवल्या की काम होते. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडून काम करणाऱ्यांची अडचण निराळी असते: मॉनिटर काढल्यावर चिठ्ठी पडद्याच्या हद्दीबाहेर राहते. ऑल्ट आणि टॅब दाबून ती चिठ्ठी निवडावी आणि विंडोज कळीबरोबर बाणाची कळ दाबून ती दिसत्या भागात ओढून आणावी.

मराठी मजकुराची अडचण

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर स्टिकी नोट्समध्ये चिकटवला, की त्याची रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होते. मजकूर खराब झालेला नसतो. त्या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, आणि स्टिकी नोट्समध्ये फॉन्ट बदलण्याची सोय नसल्यामुळे मूळ अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करून घ्यावा. थेट लिहायचे असेल, तर मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे टंकण्याचे, कळफलक उपलब्ध आहेत. सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात मराठी जोडावी आणि विंडोज कळ व स्पेसबार दाबून कळफलक बदलावा. मराठी टंकता येत नाही म्हणून मनातले मोडक्या इंग्रजीत लिहिण्याची वेळ आता कोणावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

जे चिठ्ठीवर लिहू नये

ठरावीक वेळी करायचे काम केवळ चिठ्ठीवर ठेवू नये, कारण चिठ्ठी वाजत नाही. जीएसटीच्या विवरणपत्राची शेवटची तारीख पिवळ्या चौकोनात आठवडाभर डोळ्यांसमोर असली, तरी तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांना तिची सवय होते आणि ती दिसेनाशी होते. अशा तारखा कॅलेंडरमध्ये गजरासह नोंदवाव्यात आणि चिठ्ठीवर त्या कामाचे तपशील ठेवावेत.

पासवर्ड, बँकेचे तपशील आणि आधार क्रमांक तर मुळीच लिहू नयेत. चिठ्ठ्यांची फाइल कुलूपबंद नसते. आपल्या नावाने उघडलेल्या संगणकावर बसलेला कोणीही त्या वाचू शकतो, आणि ऑनलाइन बैठकीत संपूर्ण पडदा दाखवला, तर समोरच्या सर्वांनाच त्या दिसतात. बैठकीत पूर्ण पडद्याऐवजी हवी तेवढी एकच विंडो दाखवण्याची सवय लावून घ्यावी. पासवर्ड आधीच लिहून ठेवला असेल, तर चिठ्ठी नष्ट करून भागत नाही, कारण तिची प्रत खात्याच्या 'डिलीटेड आयटम्स'मध्ये किंवा पेन ड्राइव्हवरील नकलेत उरलेली असू शकते; तो पासवर्डच त्याच दिवशी बदलावा.