फेअरी दरबार लिहिताय? या चुका टाळा

मराठीत फॅन्टसी लिहिणाऱ्यांना स्कॉटलंड-आयर्लंडच्या फेअरींची ओढ लागली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण मित्रमंडळींचे खर्डे वाचायला येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते: राणी आहे, दोन दरबार आहेत, पाण्यातला घोडा केल्पी आहे, मृत्यूआधी रडणारी बॅन्शी आहे, तरी तिसऱ्या प्रकरणानंतर वाचणाऱ्याला काही वाटेनासं होतं. मग लेखक वर्णनं वाढवतो, राजवाड्याला आणखी दोन मनोरे चढवतो. फरक काही पडत नाही, कारण हे फेअरी लोककथांतून न येता दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतून आणि गेममधून आलेले असतात. मूळच्या गोष्टींत सरसकट असा 'फेअरी' नसतोच. कुणाची टेकडी असते, कुणाचं तळं असतं, आणि एका गावचा नियम शेजारच्या गावात चालेलच असं नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच निघतात.

उन्हाळ्याचा दरबार, हिवाळ्याचा दरबार

सीली म्हणजे चांगले, अनसीली म्हणजे वाईट. एकांचा उन्हाळा, दुसऱ्यांचा हिवाळा. मध्ये सीमा आणि सीमेवर सैन्य. ही मांडणी अलीकडच्या कादंबऱ्यांनी रूढ केली. सीली-अनसीली हा भेद स्कॉटलंडचा, आणि तो ऋतूंचा नाही. सीली मंडळी अडलेल्याला पीठ देतील, उपकाराची फेड करतील, पण कुणी आगळीक केली तर तेच लोक त्याच्या घरावर उलटतील. अनसीलींना कारण लागत नाही. रात्री हवेतून जाणारा त्यांचा तांडा वाटेतल्या माणसाला उचलतो आणि त्याच्याच हातून गुरांवर, शेजाऱ्यांवर बाण सोडवतो. सकाळी तो माणूस चिखलात पडलेला सापडतो. आता सांगा, यात तुमचा 'उन्हाळी राजपुत्र' कुठे बसतो?

आयर्लंडमध्ये तर हे दोन दरबार नाहीतच. तिथे प्रांतवार राजे-राण्या आहेत. कनॉटचा राजा फिन्वारा, त्याचं ठाणं गॉलवे परगण्यात ट्यूम गावाजवळच्या नॉकमा टेकडीत. क्लेअर परगण्यात किलालूजवळच्या कड्यावर ईव्हल, लिमरिकमध्ये नॉकेनी टेकडीवर ऑन्या. त्यांच्या लढाया सिंहासनासाठी नसतात. कुणाच्या प्रांतात यंदा पीक येणार, यावर त्या होतात. १८४६-४७ मध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि लोक उपाशी मरू लागले, तेव्हा नॉकमाच्या आसपासची माणसं सांगत की टेकडीवरच्या आकाशात, थेट गॉलवेच्या दिशेने, 'ती मंडळी' लढताना आम्ही डोळ्यांनी पाहिली. एवढ्या एका समजुतीत अख्ख्या कादंबरीचा ऐवज आहे: वर ढगांत कोण हरलं, ते खाली शेतात कळतं.

ही हद्दीची जाणीव तिथे अजून पुसलेली नाही. १९९९ मध्ये क्लेअरमधल्या लाटून इथे नव्या महामार्गाच्या आड एक हॉथॉर्नचं झुडूप येत होतं. कनॉटवाल्यांशी लढायला निघालेले मन्स्टर प्रांताचे फेअरी तिथे जमतात, असं सांगत कथाकार एडी लेनिहान यांनी ते वाचवायची मोहीम उघडली. झुडूप राहिलं, रस्त्याची आखणी सावरून घेतली गेली.

ऋतू हवेच असतील तर रॉबर्ट कर्क यांच्याकडून घ्या. हे स्कॉटलंडमधल्या अबरफॉइलचे पाद्री. १६९१-९२ च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलखातल्या समजुती लिहून ठेवल्या. ते म्हणतात, ही मंडळी वर्षाच्या दर तिमाहीला बिऱ्हाड हलवतात. दिव्यदृष्टीची माणसं त्या दिवसांत प्रवास टाळतात, कारण रस्त्यात नको त्यांची गाठ पडते. हिवाळी सिंहासनापेक्षा हे स्थलांतर लिहायला कितीतरी मजेदार आहे.

राणीला काम द्या

राणी सुंदर, क्रूर, कंटाळलेली. ती सिंहासनावर बसून नखं पाहते. पुढे?

शेक्सपिअरच्या ओबेरॉन-टायटानिया या फेअरी राजा-राणीचा आधार घेऊन हे सुटत नाही. ओबेरॉन हे नाव १३व्या शतकातल्या एका फ्रेंच वीरकाव्यातून आलं, टायटानिया शेक्सपिअरने रोमन कवी ओव्हिडकडून उचललं. दोघं रंगभूमीची माणसं आहेत, त्यांना आपल्या टेकडीची सवय नाही. त्यापेक्षा स्कॉटलंडच्या चेटूक-खटल्यांतले जबाब पाहा. ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीने १६६२ मध्ये सांगितलं की राणीच्या अंगावर पांढरं लिनन आणि पांढरे-तपकिरी कपडे होते, राजा देखणा आणि रुंद चेहऱ्याचा होता, आणि खायला इतकं दिलं की तिला संपेना. पण तिला धडकी भरली ती फेअरींच्या बैलांची. दाराशी ते डुरकत वर-खाली फिरत होते. मनोरे नाहीत, रत्नं नाहीत. गुरं आहेत, जेवण आहे, कापड आहे. मोठ्या घरी पहिल्यांदा गेलेल्या गरीब बाईच्या नजरेला जे पडेल तेच. तुमच्या नायिकेलाही आधी हेच दिसू द्या.

आबर्डीनच्या अँड्रो मॅनवर १५९८ मध्ये खटला चालला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे राणी वाटेल तेव्हा म्हातारी होते, वाटेल तेव्हा तरुण, आणि मनात येईल त्याला राजा करते. म्हणजे राजेपण तिच्या मर्जीवर. ज्याला आज राजा केलं त्याची झोप कशी लागत असेल, हे लिहायला घ्या. दरबारातलं राजकारण आपोआप उभं राहील. 'टॅम लिन' या स्कॉटिश पोवाड्यात याहून मोठी मेख आहे: फेअरींना दर सात वर्षांनी नरकाला एक जीव खंडणी म्हणून द्यावा लागतो. राणी स्वतःच मांडलिक! खंडणीचं वर्ष जवळ आलंय आणि आपलं माणूस द्यायची तिची तयारी नाही, म्हणून ती माणसांतला तरुण पाळते. आता ती नखं पाहत बसणार नाही.

एक मात्र ध्यानात असू द्या. हे जबाब कोठडीतल्या माणसांचे आहेत, आणि अशा खटल्यांत कितीजणांचे जीव गेले. त्यातली प्रतिमा घ्या, पण त्या माणसांना विनोदी पात्रं करू नका.

लोखंड दाखवलं की खेळ खलास

नायकाकडे 'कोल्ड आयर्न'ची तलवार असते आणि ती लागताच फेअरी राख होतो. ही खास थंड घडवलेली धातू खेळांच्या नियमपुस्तकांतली आहे. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या कोशात कोल्ड आयर्न म्हणजे साधी तलवार किंवा कापायचं-भोसकायचं कुठलंही हत्यार.

लोककथांत लोखंडाचं काम मारण्याचं कमी आणि अडवण्याचं जास्त. टेकडीचं दार उघडं दिसलं तर आत शिरण्याआधी उंबऱ्यात सुरी खोचायची, म्हणजे दार मिटत नाही. पाळण्यावर चिमटा आडवा ठेवायचा. वाट चुकवली जात असेल तर इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडे अंगरखा उलटा करून घालतात, तिथे लोखंडाचा संबंधच नाही. आणि रेडकॅप? स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या पडक्या गढ्यांतला हा म्हातारा माणसांच्या रक्तात टोपी रंगवतो आणि पायात चक्क लोखंडी बूट घालतो! त्याला पळवायला बायबलचं वचन लागतं. तेव्हा 'सगळे फेअरी लोखंडाला भितात' हे वाक्य खर्ड्यात असेल तर खोडा, आणि तुमच्या कथेत लोखंड कोणत्या उंबऱ्यावर चालतं तेवढंच ठरवा.

'त्यांना खोटं बोलता येत नाही'

या नियमाने बऱ्याच कथांची कोर्टकचेरी झाली आहे. प्रत्येक संवादात शब्दांचा कीस, शेवटी नायिका एका स्वल्पविरामावर जिंकते. नियम बराचसा आधुनिक आहे, पण त्याचं मूळ सापडतं. वेल्सभर फिरलेल्या जेराल्डने ११९१ च्या सुमारास लिहिलेल्या प्रवासवर्णनात एलिडोरची गोष्ट येते. शिक्षकाच्या माराला भिऊन पळालेला हा १२ वर्षांचा पोरगा नदीकाठच्या पोकळीत लपतो, तिथून दोन बुटकी माणसं त्याला जमिनीखालच्या सुंदर, पण सूर्याचा पुरता उजेड नसलेल्या देशात नेतात. ती माणसं मांस-मासे खात नाहीत, दुधात केशर घालून केलेल्या पदार्थांवर राहतात, शपथ घेत नाहीत, आणि खोटेपणाइतका तिटकारा त्यांना कशाचाच नाही. पोरगा हवा तेव्हा येतो-जातो. एके दिवशी आईच्या सांगण्यावरून तो राजपुत्राचा सोन्याचा चेंडू चोरतो, घराच्या उंबऱ्याला अडखळतो, मागून आलेले दोघं चेंडू उचलतात आणि त्याच्याकडे तुच्छतेने पाहून निघून जातात. नंतर वर्षभर शोधूनही ती वाट त्याला सापडत नाही.

इथे खोटं बोलणं अशक्य नाही, हलकट आहे. फरक मोठा आहे. अशक्य असेल तर ते यंत्र झाले. तिटकारा असेल तर त्यांच्यापुढे माणसाची लाज निघते.

उलट बाजूही पाहा. स्कॉटिश पोवाड्यातल्या थॉमस द ऱ्हायमरला ईल्डनच्या टेकड्यांकडची राणी सात वर्षांच्या चाकरीपोटी असत्य न बोलणारी जीभ देते. तो गयावया करतो: मग मी बाजारात खरेदी-विक्री कशी करू? शाप माणसावर पडला, तोही बक्षीस म्हणून. ज्याला ही जीभ मिळाली त्याचं लग्न, धंदा, शेजार यांचं काय झालं, हे लिहा. फेअरींच्या वकिलीपेक्षा ते वाचायला आवडेल.

वेळेचं कोष्टक

'तिकडचा एक दिवस म्हणजे इकडची सात वर्षं.' असं कोष्टक मांडलं की वाचणारा कॅल्क्युलेटर काढतो आणि तुमचा हिशेब पाचव्या प्रकरणात चुकतो. एलिडोरच्या गोष्टीत वेळ घसरतच नाही. थॉमसची सात वर्षं पोवाड्यात सातच राहतात. आयर्लंडचा वीर ओशीन तरुणांच्या देशातून परततो तेव्हा ३०० वर्षं गेलेली असतात.

सगळ्यांत धारदार गोष्ट मात्र प्राचीन ब्रिटन लोकांच्या हर्ला राजाची. वॉल्टर मॅपने ती १२व्या शतकात लिहून ठेवली. बोकडाच्या खुरांचा एक बुटका राजा हर्लाच्या लग्नाला येतो, वर्षाने हर्ला त्याच्या लग्नाला गुहेतून जातो. तीन दिवसांनी निघताना यजमान एक छोटा शिकारी कुत्रा हातात देतो: हा खाली उडी मारेपर्यंत कुणी घोड्यावरून उतरू नका. बाहेर एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. हर्ला आपल्या राणीची खबर विचारतो. मेंढपाळ म्हणतो, तुमची भाषा मला जेमतेम कळते, मी सॅक्सन, तुम्ही ब्रिटन. त्या नावाची राणी फार पूर्वी होऊन गेली म्हणतात, आता दोनशे वर्षं मुलूख आमचा आहे. काहीजण घाईने उतरतात आणि त्यांची माती होते. कुत्रा अजून उतरलेला नाही.

वेळ गेली हे आकड्याने सांगू नका. राणीचं नाव ऐकीव झालं, भाषा परकी झाली, जमिनीचा मालक बदलला: हर्लाला तसंच कळतं.

सगळ्यांची एकच फौज

राणीच्या इशाऱ्यावर केल्पींचं घोडदळ निघालं, बॅन्शी किंचाळून शत्रू पाडतायत, सेल्की आरमार सांभाळतायत. कृपा करून नको. बॅन्शी कुणाला मारत नाही. ठरावीक जुन्या आयरिश घराण्यांत मृत्यू होणार असला की ती आधी रडते. रडून मोकळी होते, एवढंच. सेल्की म्हणजे कातडं उतरवून माणूस होणारे सील, ऑर्कनी-शेटलंडच्या किनाऱ्यावरचे. त्यांची गोष्ट सीलच्या कातडीची आहे, कातडं लपवणाऱ्या नवऱ्याची आहे, तिला दरबार लागत नाही. केल्पी वाहत्या पाण्याचा, तर हायलँडचा एख-उश्का तळ्याचा आणि त्याहून घातक. पाठीवर बसलं की कातडीला चिकटायचं, पाण्यात ओढलं जायचं, आणि काठाला नुसतं यकृत तरंगत यायचं. हात चिकटला म्हणून स्वतःचं बोट कापून सुटलेल्या पोराची गोष्ट सांगतात. या घोड्याला लगाम घालून रांगेत उभा केला की तो घोडाच उरतो. घरकाम करणाऱ्या ब्राउनीला तर पगार म्हणून नवे कपडे दिले तरी तो काम टाकून निघून जातो. फौजेत कसला राहतोय!

फुलपाखराचे पंख चित्रकारांनी बरेच नंतर लावले. मूळच्या बऱ्याच गोष्टींत हे लोक घोड्यावरून येतात.

बदललेलं मूल

फेअरी खरं माणूस नेतात आणि त्याच्या जागी आपलं ठेवतात, हे कथानक अनेकांना मोहवतं. त्यात शेवटी 'नकली'ला आगीचा धाक दाखवून खरं परत आणतात आणि आनंदीआनंद होतो. हा शेवट लिहिण्याआधी १८९५ ची टिपेररी परगण्यातली ब्रिजेट क्लिअरी आठवा. ती आजारी पडली, ही आपली बायकोच नव्हे असं नवऱ्याने घेतलं, आणि घरच्यांच्या देखत तिला जाळलं. नंतर तो जुन्या गढीपाशी जाऊन थांबायचा. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल म्हणून. त्याला मनुष्यवधासाठी २० वर्षांची शिक्षा झाली. 'नकली' ठरवलेल्याची बाजू तुमच्या कथेत कुठेतरी यायलाच हवी. ती नसेल तर हे कथानक सोडून द्या.

नावं आणि मिसळण

फेअरींच्या शेजारी वेताळ आणून बसवण्याचा मोह मी समजू शकतो. पण कोकणातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चामडी चपला वाहतात, कारण रात्री राखण करत फिरताना त्याच्या झिजतात. एवढं गावाशी बांधलेलं दैवत स्कॉटिश राणीचा सेनापती म्हणून उभं केलं तर दोघांचीही रया जाते. कोकण लिहायचं तर कोकणच लिहा, तिथे हद्दी आणि राखणदार काही कमी नाहीत.

शेवटचं, संवादांबद्दल. खर्ड्यांत पात्रं उठसूट 'फेअरी' म्हणतात. त्या मुलखातले लोक म्हणत 'भली मंडळी', 'चांगले शेजारी', वेल्समध्ये 'गोरं कुटुंब'. कर्क यांनी कारणही दिलंय: त्यांनी वाकडं करू नये म्हणून. रात्री सापाला 'जनावर' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्याला हे समजवावं लागू नये. कर्क स्वतः १६९२ मध्ये वारले, आणि त्या मंडळींनी आपली गुपितं फोडल्याबद्दल त्यांना टेकडीत नेलं असं गावात बोललं जाई. तेव्हा तुमच्या नायकाला टेकडीवर उभं राहून 'या रे फेअरींनो' अशी हाळी द्यायचीच असेल, तर पुढच्या पानावर त्याचं काय होणार हे आधी ठरवून ठेवा.