पोलंडमधलं गाव शोधायला बसण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी घरात सून किंवा जावई पोलिश वंशाचा असला आणि नातवंडांना दोन्हीकडची वंशावळ हवी झाली, की आपली बाजू कुलवृत्तांत उघडून भागते. दुसऱ्या बाजूला बहुतेकदा एवढंच हाती असतं : पणजोबा पोलंडहून शिकागोला आले. तेवढ्या भांडवलावर तिकडच्या दप्तरखान्यांना पत्रं पाठवू नका. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय जसे आधी गाव विचारतात आणि मगच वही काढतात, तसंच तिथलं आहे. जुन्या नोंदी चर्चच्या पॅरिशप्रमाणे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांप्रमाणे, ठेवलेल्या असतात आणि गाव कळल्याशिवाय पॅरिश कळत नाही. म्हणून पहिली सगळी मेहनत अमेरिकेतल्या कागदांवर.

त्याआधी घर धुंडाळा. पाकिटांवरचे टपालाचे शिक्के, प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावरची नावं, फोटोमागे छापलेलं स्टुडिओचं गाव, काहीही फेकू नका. घरातल्या सगळ्यांत वयस्कर आत्या-मावशीला गावाचं नाव उच्चारायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, स्पेलिंग नंतर बघता येईल. मूळ नावंही लिहून काढा : स्टॅन्ली बहुधा स्तानिस्वाफ असतो, वॉल्टर व्वादिस्वाफ, चेस्टर चेस्वाफ आणि अल्बर्ट वोईचेख. 'एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या बेटावरच्या) कारकुनाने आडनाव बदललं' ही कथा घरोघरी सांगतात, ती बाजूला ठेवा. तिथले कारकून जहाज सुटताना बनलेली यादीच समोर ठेवून काम करत. नावं बदलली ती पुढे, अमेरिकेत राहताना. जहाजाच्या यादीत जुनंच आडनाव शोधा.

ही यादी १९०७ नंतरची असेल तर नशीब समजा. ती दोन पानांवर पसरलेली असते. पहिल्या पानावर मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता आणि दुसऱ्या पानाच्या अगदी शेवटी जन्मगाव. पुष्कळ लोक पहिलं पान उतरवून थांबतात आणि नेमकं हवं ते राहून जातं. सप्टेंबर १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मस्थान सापडतं, त्याआधीच्या अर्जांत बहुधा नुसता देश. सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकेतल्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या) मूळ अर्जावर आई-वडिलांची नावं असतात, आणि १९४२ साली ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांची जी लष्करी नोंदणी झाली तिच्यातही जन्मस्थान विचारलं होतं. पण माझा सर्वांत जास्त भरवसा अमेरिकेतल्या पोलिश चर्चच्या विवाहनोंदींवर आहे. शिकागोचं सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका चर्च १८६७ चं. अशा चर्चमधला पाद्री स्वतः पोलिश असायचा, तो गावाचं नाव नीट लिहायचा. पणजोबांच्या कागदांत काही मिळालं नाही, तर त्यांच्या भावंडांचे आणि लग्नातल्या साक्षीदारांचे कागद बघा. एकाच गावची माणसं एकाच गल्लीत राहायला येत.

जन्मदेश म्हणून रशिया, ऑस्ट्रिया किंवा जर्मनी लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. १७९५ ते १९१८ पोलंड नकाशावरच नव्हता, तिघांनी तो वाटून घेतला होता. कुणाचा भाग हे कळलं की नोंदीची भाषाही कळते. ऑस्ट्रियाच्या गॅलिशियात लॅटिनमधले रकाने, जर्मनीच्या म्हणजे प्रशियाच्या भागात १ ऑक्टोबर १८७४ पासून जर्मनमध्ये सरकारी नोंदणी. रशियाच्या भागात १८६८ पर्यंत पोलिश आणि नंतर रशियन. तिथली नोंद म्हणजे सलग परिच्छेद असतो : बाप दोन साक्षीदारांसह हजर झाला, त्याने बाळ दाखवलं, आई माहेरची अमुक. तारीख अक्षरी आणि दोन पंचांगांची (रशियाचं जुनं ज्युलियन आणि आपल्या वापरातलं ग्रेगोरियन), उदाहरणार्थ २० फेब्रुवारी आणि ४ मार्च. दिवस एकच. आडनाव रशियन लिपीत कसं दिसेल ते आधी कागदावर गिरवून ठेवा, नाहीतर डोळ्यांसमोरून निघून जाईल.

गाव मिळालं तरी तालुका-जिल्हा हवाच, कारण नोवा व्येश, दोंब्रोवा अशी गावं ढिगाने आहेत. वॉर्सात १८८० ते १९०२ दरम्यान निघालेल्या 'स्वोव्निक गेओग्राफिच्ने' या कोशात गावाची पॅरिश बऱ्याचदा दिलेली असते. मग नोंदींची सूची देणारं 'गेनेतेका' आणि सरकारी दप्तरखान्यांचं 'शुकाय व आर्खिवाख' ही दोन्ही संकेतस्थळं फुकट चाळता येतात.

कुटुंब जुन्या पोलंडच्या पूर्वेकडचं असेल तर वाट वेगळी. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिलेले पोलिश निर्वासित बहुतेक त्याच भागातले. त्यांची गावं आता बेलारूस, युक्रेनमध्ये आहेत, तेव्हा शोध तिथेही घ्यावा लागतो आणि वॉर्सातही, कारण काही वह्या तिथे आहेत.

शेवटी पत्र. जन्मनोंद १०० वर्षं आणि विवाह-मृत्यूची ८० वर्षं स्थानिक नोंदणी कार्यालयात राहते, नंतर दप्तरखान्यात जाते. कार्यालयाकडून हवी असेल तर नातं सिद्ध करणारे दाखले आधीच जमवा. पत्र पोलिशमध्ये लिहून घ्या आणि एका पत्रात एकच नोंद मागा : नाव, अंदाजे साल, गाव, पॅरिश.