छिंगदाओला जायचंय? मग आधी महिना ठरवा

चीनला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक बीजिंग, शीआन आणि शांघाय करून परततात. समुद्राच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. बीजिंगहून वेगवान रेल्वेने तीन ते साडेचार तासांत छिंगदाओ गाठता येतं. शानतोंग प्रांताच्या किनाऱ्यावर, पिवळ्या समुद्राकाठी वसलेलं हे शहर. बंदर आहे, नौदलाचा तळ आहे, बिअरचा कारखाना आहे आणि शहराला खेटून डोंगरही आहे. बीजिंगहून सकाळी जाऊन रात्री परतण्याचा बेत मात्र करू नका. निदान तीन रात्री द्या आणि चालायची तयारी ठेवा, कारण या शहराची खरी गंमत पायी फिरण्यातच आहे.

महिना कोणता?

हा प्रश्न मी व्हिसाच्याही आधी ठेवतो. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी म्हणजे फिरायचा हंगाम, पण छिंगदाओसाठी ती वेळ तितकीशी बरी नाही. वसंतापासून जुलैपर्यंत समुद्रावरून दाट धुकं शहरात शिरतं. समोरची इमारत दिसत नाही, मग समुद्र कुठला दिसायला! पाणीही जूनपर्यंत गारठलेलं असतं. जून-जुलैत आणखी एक पाहुणा येतो, हिरवं शेवाळ. दक्षिणेकडच्या च्यांगसू किनाऱ्याकडून ते वाहत येतं आणि वाळूवर गालिच्यासारखं पसरतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती याच शहरात झाल्या. स्पर्धेच्या तोंडावर शेवाळाने समुद्र असा झाकला, की तो मोकळा करायला हजारो सैनिक आणि स्वयंसेवक उतरवावे लागले. तेव्हापासून जवळजवळ दर उन्हाळ्यात हा प्रकार कमी-अधिक होतोच.

ऑगस्टमध्ये पाणी पोहण्याजोगं होतं, पण गर्दीही उसळते. १९९१ पासून भरणारा बिअर महोत्सव याच सुमारास असतो. तुम्हाला निवड करता येत असेल तर सप्टेंबर घ्या. पाण्यात ऊब असते, आकाश निवळलेलं असतं आणि चिनी शाळा सुरू झाल्याने किनारे मोकळे होतात. १ ते ७ ऑक्टोबर मात्र टाळाच. राष्ट्रीय दिनाच्या त्या सुट्टीत अख्खा देश प्रवासाला निघतो. १ मेच्या आसपासही तेच. एप्रिलच्या मध्यात गेलात तर चोंगशान उद्यानातल्या चेरीच्या फुलांसाठी धुक्याचा धोका पत्करायला हरकत नाही.

कागदपत्रं, पैसे, फोन

भारतीय पासपोर्टला चीनचा पर्यटक व्हिसा लागतो. अनेक देशांच्या नागरिकांना मिळणारी २४० तासांची व्हिसामुक्त सवलत आपल्याला नाही, त्यामुळे परदेशी प्रवाशांच्या व्हिडिओंवर विसंबू नका. नोव्हेंबर २०२५ पासून चीनमध्ये शिरण्याचं आगमन कार्ड आधीच ऑनलाइन भरता येतं. तेवढं घरूनच उरका.

२०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण छिंगदाओसाठी वाटेत विमान किंवा गाडी बदलावी लागतेच. माझी पसंती बीजिंग किंवा शांघायला उतरून पुढे रेल्वेने जाण्याला. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं, हातात कागद येत नाही. फाटकातून जाताना मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही.

आरक्षण करताना स्टेशनचं नाव नीट वाचा. 'छिंगदाओ', 'छिंगदाओ उत्तर' आणि 'छिंगदाओ पश्चिम' ही तीन वेगळी स्टेशनं आहेत, आणि पश्चिम तर खाडीच्या पलीकडे आहे. तुम्हाला हवं ते नुसतं 'छिंगदाओ'. तिथून बाहेर पडलं की पाच-दहा मिनिटांच्या चालीवर समुद्र. विमानाने आलात तर च्याओदोंग विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिथून मेट्रोची ८ नंबरची लाइन छिंगदाओ उत्तरला आणते, पुढे १ किंवा ३ नंबरच्या लाइनने शहरात.

पैशांसाठी अलीपे हे ॲप भारतातूनच उतरवून घ्या आणि त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर जादा शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतं. रुपे कार्डावर भिस्त ठेवू नका. शे-दोनशे युआन रोख खिशात असावेत, बाकी सगळं क्यूआर कोडवर. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं की चालतात, कारण डेटा आपल्या कंपनीकडून फिरून येतो. भाषांतराचं ॲप मात्र ऑफलाइन चिनीसकट भरून न्या.

हॉटेल घेताना परदेशी पाहुणे घेतात का, हे आधी विचारा. पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. ओळखीच्यांच्या घरी उतरलात तर २४ तासांत पोलीस चौकीत ती तुम्हाला स्वतः करावी लागते.

पहिला दिवस: जुनं शहर, पूर्ण पायी

सुरुवात झान्छियाओ धक्क्यापासून करा. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला छिंग राजवटीच्या लष्करी ठाण्यासाठी हा धक्का बांधला. ४४० मीटर समुद्रात शिरतो, टोकाला दोन मजली अष्टकोनी मंडप. इथल्या त्सिंगताओ बिअरच्या (छिंगदाओचंच जुनं स्पेलिंग) बाटलीवर दिसतो तो हाच. पण धक्क्यावर जाण्याआधी ओहोटीची वेळ बघून घ्या. पाणी ओसरलं की दोन्ही बाजूंचे खडक उघडे पडतात आणि बादल्या, छोटे दाताळे घेऊन माणसं खाली उतरतात. दगड उलटवायचा, खालचा चिमुकला खेकडा किंवा शिंपला उचलायचा, दगड परत ठेवायचा. आजी-आजोबा यात फार तरबेज. नोव्हेंबर ते मार्च गेलात तर सायबेरियाकडून आलेले समुद्रपक्षी हजारोंनी दिसतील.

पुढे जाण्याआधी शहराचा इतिहास थोडक्यात माहीत असावा, म्हणजे इमारती बोलू लागतात. १८९७ मध्ये जर्मनीने ही खाडी बळकावली आणि पुढच्या वर्षी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चीनकडून लिहून घेतली. पट्टा टिकला जेमतेम सोळा वर्षं. १९१४ मध्ये जपान आणि ब्रिटनने वेढा घालून शहर घेतलं. त्या वेढ्यात ब्रिटिशांच्या बाजूने ३६ व्या शीख पलटणीचे आपले शिपाईही लढले. पहिलं महायुद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये विजेत्यांनी जर्मनीचे इथले हक्क चीनला न देता जपानला दिले. त्याविरुद्ध ४ मे १९१९ रोजी बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि आधुनिक चीनच्या इतिहासाला वळण मिळालं. शहर चीनकडे परत आलं ते १९२२ मध्ये.

आता धक्क्यावरून चोंगशान रस्त्याने वर चढा. डाव्या-उजव्या गल्ल्यांत शिरायला लाजू नका. चौकाभोवती दोन-तीन मजली खोल्या आणि लाकडी सज्जे असलेले जुने वाडे इथे 'लीयुआन' म्हणून ओळखले जातात. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला ते बघून आपलं वाटेल. त्यातल्या बऱ्याच वाड्यांची आता डागडुजी होऊन कॅफे आणि दुकानं झाली आहेत. चढ संपतो तिथे सेंट मायकेल कॅथेड्रल, १९३४ साली पुरं झालेलं. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत त्याच्या मनोऱ्यांवरचे क्रूस उतरवले गेले होते. ते नंतर परत बसवले. अंगणात लग्नाचे फोटो काढून घेणारी जोडपी दिवसभर असतात.

तिथून च्यांगसू रस्त्यावरचं १९१० चं प्रोटेस्टंट चर्च आणि जर्मन गव्हर्नरचा बंगला. बंगल्याच्या आत जरूर जा, दगडी भिंती आणि आतलं लाकूडकाम दोन्ही पाहण्यासारखं. मागेच शिनहाओशान टेकडी, माथ्यावर तीन लाल घुमट. वरून लाल कौलं, हिरवी झाडं आणि पलीकडे निळा समुद्र एका नजरेत येतो. सुधारणावादी विचारवंत खांग योवेई यांनी शहराचं असंच वर्णन केलं होतं. ते इथेच राहिले आणि १९२७ मध्ये इथेच वारले. एकाच टेकडीवर चढायची ताकद असेल तर हीच निवडा.

उतरून किनाऱ्याला लागा, लू शुन उद्यानाच्या खडकांमधून पायवाट जाते. शेजारी नौदलाचं संग्रहालय आहे. भारतीय नौदलाशी या बंदराची ओळख आहे, २००९ च्या नौदल संचलनाला आयएनएस मुंबई इथे आली होती. संग्रहालयाबाहेर मात्र युद्धनौका किंवा लष्करी इमारती दिसल्या तर कॅमेरा खाली ठेवा. या बाबतीत तिथे हयगय नसते.

दुपार बादाग्वानसाठी राखा. जुन्या बंगल्यांचा हा भाग, रस्त्यांना चीनच्या प्रसिद्ध खिंडींची नावं आणि रस्त्यागणिक वेगळी झाडं. च्युयोंगग्वान रस्त्यावर गिंको, च्यायूग्वानवर मेपल, शाओग्वानवर पीच. इथे पाहायच्या ठिकाणांची यादी करू नका, नुसतं फिरा. पाय बोलायला लागले तर ३ नंबरच्या मेट्रोचं चोंगशान उद्यान स्टेशन जवळच आहे.

समुद्रस्नान

शहरातले किनारे नंबरांनी ओळखले जातात. एक नंबरचा मोठा आणि गजबजलेला, दोन नंबरचा बादाग्वानला लागून, त्यामानाने शांत. प्रवेश फुकट, नंतरच्या गोड्या पाण्याच्या अंघोळीला थोडे पैसे. जीवरक्षक असतात त्याच वेळात आणि दोरीच्या आतच पोहा. पूर्वेला शिलाओरेन किनारा सगळ्यात लांब-रुंद, २ नंबरची मेट्रो थेट तिथे जाते. समुद्रात उभ्या म्हाताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ज्या खडकावरून त्याला नाव पडलं, त्याचं डोकं ऑक्टोबर २०२२ मध्ये कोसळलं. जुने फोटो मनात धरून गेलात तर चुकल्यासारखं वाटेल, म्हणून आधीच सांगतो.

काय खायचं, कसं विचारायचं

मासे खाणाऱ्याला हे शहर स्वर्ग आहे. इथला जीव की प्राण म्हणजे 'गाला', आपल्या तिसऱ्यांच्या जातीचा शिंपला. सुक्या मिरच्या, आलं-लसूण घालून मोठ्या आचेवर परततात, ताट येतं तेव्हा शिंपले टपाटप उघडलेले असतात आणि तळाला खारट-तिखट रस. सुरमईच्या कुळातल्या माशाचं सारण भरलेले डंपलिंगही मागवा. सोबत बिअर. १९०३ मध्ये हाँगकाँगच्या एका इंग्रज-जर्मन कंपनीने काढलेला त्सिंगताओचा कारखाना आजही चालू आहे, देंगचोउ रस्त्यावर. तिथलं संग्रहालय पाहताना न गाळलेली ताजी बिअर चाखायला मिळते. पण खरी मजा गल्लीतल्या दुकानात. स्टीलच्या पिंपातून बिअर प्लॅस्टिकच्या पिशवीत सोडतात, पिशवी काट्यावर तोलतात, गाठ मारून हातात देतात. लोक ती भाजीसारखी लटकवत घरी नेतात.

भावाबद्दल सावध राहा. मासळीचा दर 'चिन'वर, म्हणजे ५०० ग्रॅमवर असतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये इथल्या एका भोजनालयाने ३८ युआनची कोळंबी प्रत्येक नगामागे लावली. गिऱ्हाइकाला वाटलं होतं ताटाचा भाव. प्रकरण देशभर गाजलं, मालकाला दंड झाला. तेव्हापासून शहर याबाबत जागरूक आहे, तरी मागवण्याआधी चिनला, ताटाला की नगाला, हे बोटाने दाखवून विचाराच. वजन तुमच्यासमोर होऊ द्या.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण 'मांस नको' एवढ्यावर थांबू नये. कोळंबीचा चुरा, ऑयस्टर सॉस आणि डुकराची चरबी भाजीतही पडते. या तिन्हींची नावं घालून चिनीत चिठ्ठी तयार करून फोनमध्ये ठेवा. टोमॅटो-अंडं, बटाट्याचा आंबट-तिखट कीस आणि बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीचं 'दी सान श्येन' बहुतेक ठिकाणी मिळतं. थेपले, मेतकूट सोबत असू द्या.

दुसरा दिवस: लाओशान

लाओशान डोंगराचं मुख्य शिखर ११३२ मीटर उंच आणि पायथा थेट समुद्रात. तिकीट पासपोर्टवर आदल्या दिवशी काढा. मेट्रोची ४ नंबरची लाइन पूर्वेच्या टोकाला दाहदोंगला नेते, तिथल्या प्रवासी केंद्रातून पुढे डोंगराच्या आतल्या बसनेच जावं लागतं.

वाटा अनेक आहेत आणि एका दिवसात दोन करण्याच्या फंदात पडू नका. पाय मजबूत असतील तर च्यूफंग, म्हणजे शिखराची वाट. अर्ध्यापर्यंत रोपवे आहे, वरची फेरी पायऱ्यांची. घरातली ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर थायछिंग, ताओ पंथाचं पुरातन मंदिर. समुद्र आणि डोंगराच्या मधे, शतकानुशतकं जुन्या झाडांच्या सावलीत. इथे मला मंदिराइतकाच किनारा बघावासा वाटतो. शाळेच्या इतिहासात भेटलेला फाहियान भारतातून श्रीलंकेमार्गे ग्रंथ घेऊन निघाला. वादळात वाट चुकलेलं त्याचं जहाज इसवी सन ४१२ मध्ये याच लाओशानच्या किनाऱ्याला लागलं.

धुकं असेल तर शिखर सोडून थायछिंगलाच जा. खाली गावांतून लाओशानचा हिरवा चहा मिळतो, चव घेऊन मगच घ्या. आतल्या बसची शेवटची फेरी किती वाजता आहे, हे चढायच्या आधीच विचारून ठेवा.

संध्याकाळ

परतताना २ आणि ३ नंबरच्या मेट्रोच्या जंक्शनवर, चार मे चौकात उतरा. समोर 'मे महिन्याचा वारा' हे ३० मीटर उंच लाल शिल्प, १९१९ च्या त्या आंदोलनाच्या आठवणीत उभारलेलं. तिथून किनाऱ्याने चालत ऑलिंपिकच्या शिडांच्या बंदरावर जाता येतं. २०१८ ची शांघाय सहकार्य संघटनेची शिखर परिषद याच परिसरात झाली. पूर्ण सदस्य म्हणून भारताची ती पहिलीच, आणि पंतप्रधान मोदी तिला हजर होते. अंधार पडल्यावर खाडीभोवतीच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ होतो. त्याची वेळ ऋतूनुसार बदलते, तेव्हा हॉटेलच्या काउंटरवर विचारूनच बाहेर पडा, आणि भर उन्हाळ्यातही एक पातळ जाकीट बरोबर घ्या. खाडीवरचा रात्रीचा वारा चांगलाच झोंबतो.