इंदुरात मित्रमंडळींसह चायनीज बुफेला जाताना

चायनीज स्वयंपाकाची सारी करामत मोठ्या आचेवरच्या कढईत असते. भाजी, नूडल्स किंवा भात तिथे दोन-चार मिनिटे परतला जातो आणि लगेच ताटात आला तरच त्याचा धुरकट वास व भाजीचा कुरकुरीतपणा टिकतो. बुफेची रीत याच्या अगदी उलट आहे, कारण तिथे शिजलेले अन्न गरम पाण्यावरच्या झाकणबंद भांड्यांत ताटकळत बसते. म्हणून अशा ठिकाणी जेवायचे तर कढई आणि आपले ताट यांच्यातला वेळ शक्य तितका कमी कसा करता येईल, एवढेच पाहायचे असते.

सुरुवात वार ठरवण्यापासून करावी. सात-आठ जणांच्या मराठी कंपूत कोणाचा गुरुवार असतो, कोणाचा शनिवार, आणि संकष्टी नेमकी आपण ठरवलेल्या दिवशीच येते, तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर पाहिल्याशिवाय दिवस पक्का करू नये. रविवार सर्वांना सोयीचा असतो आणि त्या दिवशीच्या गर्दीला घाबरण्याचे कारण नाही, कारण गर्दीत भांडी लवकर रिकामी होतात व नवा घाणा वारंवार येतो. मात्र बुफे उघडण्याच्या वेळेलाच पोहोचावे. आमची मंडळी एकदा रमतगमत अडीचला पोहोचली, तेव्हा हाका नूडल्स चमच्याने उचलताच भांड्याच्या आकाराच्या वडीसारख्या एकसंध वर आल्या होत्या. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी हा इंदूरचा जवळजवळ नित्यनेमच आहे. त्या दिवशी पोहे अर्धी प्लेट घ्यावेत आणि जिलेबीला नमस्कार करावा.

आदल्या दिवशी फोन करून टेबल राखून ठेवावे आणि त्याच वेळी दर विचारून घ्यावा: रविवारचा दर वेगळा आहे का, कर त्यात धरला आहे का, मुलांना सवलत कोणत्या वयापर्यंत आहे, सूप, पाण्याची बाटली आणि आइस्क्रीम त्यात येते का. आपल्यासमोर परतून देणारा नूडल्सचा काउंटर आहे का, हा प्रश्न मला या सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. तो असेल तर दर थोडा जास्त असला तरी तेच ठिकाण निवडावे.

त्याच फोनवर पथ्यांचाही विषय काढावा. नूडल्समध्ये किंवा फ्राइड राइसमध्ये अंडे आहे का, हे पाटीवरून नेहमी कळतेच असे नाही. मंडळीत जैन मित्र असेल, आणि इंदुरात तो बहुधा असतोच, तर कांदा-लसूण नसलेला पदार्थ ऐनवेळी मागून उपयोग नसतो, कारण चायनीज सॉसचा पायाच लसणाचा असतो. आधी सांगितले तर स्वयंपाकघर वेगळी कढई लावू शकते. गहू न चालणाऱ्यांनी नुसत्या नूडल्स टाळून भागत नाही, कारण सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. शाकाहारी व मांसाहारी भांडी शेजारी असतील तर पळ्यांची अदलाबदल होतेच, म्हणून काटेकोर शाकाहारी मंडळींनी आपली फेरी सर्वांत आधी उरकावी.

पोहोचल्यावर ताट उचलण्याची घाई करू नये. आधी रिकाम्या हातांनी एक फेरी मारून प्रत्येक झाकण उघडून पाहावे. वाफ भरपूर येत असेल तर ठीक. रश्श्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा दिसला, भांड्याच्या कडेला सॉस वाळून काळा पडला असेल किंवा मोमोंच्या कडा कडक झाल्या असतील, तर तो पदार्थ बराच वेळ तिथे आहे असे समजावे. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे, आणि भाताच्या बाबतीत हे विशेष पाळावे, कारण भात शिजल्यावरही टिकून राहणारे काही जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढू लागतात. कोमट फ्राइड राइस दिसला तर तो न घेता नवा कधी येईल ते विचारावे, त्यात संकोच कसला?

पहिल्या फेरीत सूप घ्यावे. सूप गरम राहिले तर फारसे बिघडत नाही. मंचाव सूपवरच्या तळलेल्या नूडल्स मात्र टेबलावर आल्यावरच घालाव्यात. सूप संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारावर नजर ठेवावी. क्रिस्पी चिली पोटॅटो, हनी चिली फुलकोबी, स्प्रिंग रोल असे पदार्थ झाकणाखाली आपल्याच वाफेने मऊ पडतात, म्हणून ते दारातून येताना दिसताच उठावे आणि एरवी त्यांच्या वाटेला जाऊ नये. मांचुरियन कोरडे की रश्श्याचे, यावर आमच्यात कायम वाद होतो. माझ्या मते बुफेत रश्श्याचेच घ्यावे, पण गोळे रस्सा पिऊन फुगलेले नसावेत. कॉर्नफ्लोअरचा रस्सा थंड झाला की खळीसारखा घट्ट होतो, तेव्हा तो थोडाच वाढून लगेच संपवावा. मांचुरियनला चीनमध्ये शोधू नये. तो 1975 साली मुंबईत शेफ नेल्सन वांग यांनी प्रथम केला असे मानले जाते, आणि हे वांग कलकत्त्यात जन्मलेले होते. शेजवानचेही तसेच. नाव सिचुआन प्रांताचे असले तरी तिथल्या स्वयंपाकातली जीभ बधिर करणारी मिरी, जी आपल्या कोकणातल्या तिरफळाची भाऊबंद आहे, ती इथल्या सॉसमध्ये बहुधा नसते. असतात त्या लाल मिरच्या आणि लसूण. इंदुरी जिभेला हा तिखटपणा मानवतो, पण शेजवान भातावर शेजवान सॉस घेण्याचा मोह आवरावा, नाहीतर पुढच्या कशाचीच चव कळत नाही.

भात आणि नूडल्स दुसऱ्या फेरीत घ्यावेत व शक्यतो काउंटरवर परतून घ्यावेत. तिथे तेल कमी, भाजी जास्त आणि अजिनोमोटो नको, असे सांगता येते. आठही जण एकदम रांगेत उभे राहिले तर काउंटरवरचा माणूस सगळे एकाच कढईत उरकतो, म्हणून दोघा-दोघांनी जावे. टेबलावर गप्पाही तुटत नाहीत. नव्या पदार्थाचा एकच चमचा एका बशीत आणून सर्वांनी चाखावा आणि आवडला तरच वाढून घ्यावा. ‘पैसे मोजलेत ना’ म्हणून ताट रचणारा एक मित्र प्रत्येक कंपूत असतो. त्याला भिंतीकडच्या कोपऱ्यातली खुर्ची द्यावी.

शेवटी दर्सान हा गोड पदार्थ असेल तर मधात बुडवून ठेवलेले घेऊ नये, तळलेल्या पट्ट्या वेगळ्या मागून त्यावर मध आणि आइस्क्रीम घालून घ्यावे. बिल हाती आल्यावर माणसे मोजावीत. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 5 टक्के असतो, मोठ्या हॉटेलांत तो 18 टक्केही असू शकतो. सेवाशुल्क मात्र आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या ग्राह्य धरल्या. ते लावलेले दिसले तर काढून टाकण्यास शांतपणे सांगावे आणि ज्याने नूडल्स मनापासून परतून दिल्या त्याला बक्षिसी हातात द्यावी. दर माणशी एकच असल्याने वाटणीचा हिशेब सोपा असतो. एकाने बिल भरावे आणि बाकीच्यांनी टेबलावरून उठण्यापूर्वीच त्याला पैसे पाठवावेत. त्या रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भेटण्याचा बेत कोणी मांडलाच, तर तो पुढच्या शनिवारवर ढकलावा.