परस्परपरिणामाच्या आलेखात रेषा समांतर आल्या तर
सोलापूरच्या रब्बी ज्वारीचा डेटा घ्या: उत्पादन, सप्टेंबरचा पाऊस आणि जमीन (हलकी, मध्यम, भारी). पावसाचा फायदा तिन्ही जमिनींत सारखाच होतो का, हा प्रश्न. तो जमिनीप्रमाणे बदलत असेल, तर तो पाऊस आणि जमीन यांचा परस्परपरिणाम. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल असं लिहा: एलएम(उत्पादन ~ पाऊस * जमीन). एलएम म्हणजे रेषीय मॉडेल, आणि * म्हणजे परस्परपरिणामासकट. पाऊस आणि जमीन यांच्या गुणाकाराचा वेगळा कॉलम मात्र बनवू नका. तो पावसाबरोबर बदलतो, हे आलेख काढणाऱ्या पॅकेजला कळत नाही. ते त्याला सरासरीवर गोठवतं आणि तिन्ही जमिनींच्या रेषा समांतर येतात, म्हणजे फायदा सारखाच दिसतो. गुणक बरोबर, चित्र खोटं!

जमीन १, २, ३ अशी भरली असेल तर आधी तिचा फॅक्टर (आकडा नव्हे, गट) करा. नाहीतर हलकी ते मध्यम जेवढा फरक, तेवढाच मध्यम ते भारी, असं मॉडेल गृहीत धरतं. काळ्या भारी जमिनीची ओल धरण्याची ताकद पाहता हे पटण्यासारखं नाही.

हलक्या जमिनीच्या नोंदी ६० ते १४० मिमी पावसातल्याच असतील तर तिची रेषा तिथेच थांबवा. रेषांभोवतीचे अनिश्चितता दाखवणारे ९५ टक्क्यांचे पट्टे एकमेकांवर आले म्हणजे उतार सारखे, असंही नाही. ती तुलना ‘ईएममीन्स’ पॅकेजमधल्या ‘ईएमट्रेंड्स’ने वेगळी करा.