निवृत्तीऐवजी परदेशात सेवा: साठीत निघताना या चुका टाळा

मुलं मार्गी लागली, हातपाय धड आहेत, मग घरी बसण्यापेक्षा दोन वर्षं परक्या देशात कुणाच्या तरी कामी यावं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. तो फसतो तेव्हा केवळ वयामुळे क्वचितच फसतो. परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या संस्थेत स्वयंसेवकांना वयाची वरची मर्यादाच नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन याच पीस कोअरमधून १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, मुंबईजवळ विक्रोळीला आल्या आणि सुमारे २१ महिने राहिल्या. पेशा नर्सिंगचा, पण सुरुवातीला वाट्याला आलं कुटुंब नियोजनाचं काम. दवाखान्यात त्या नंतर रुजल्या.

वाट्याला येईल त्या कामापासून सुरुवात करणं, हेच पुष्कळांना जमत नाही.

जुनी खुर्ची सोबत नेणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तीस वर्षं आपल्या सहीवाचून कागद हलला नाही. तिथे वरिष्ठ असतो आपल्या मुलाच्या वयाचा, बैठक तासभर उशिरा सुरू होते आणि आपलं मत कुणी विचारत नाही. मग पहिल्याच महिन्यात सुधारणेचा आराखडा लिहिला जातो. सगळे माना डोलावतात, आणि पुढे काहीच घडत नाही.

‘हे लोक ऐकतच नाहीत’ असं मनात येऊ लागलं की सल्ले थांबवा आणि विचारायला लागा. हे आधी कुणी करून पाहिलं होतं का? कुठे अडलं? बहुतेकदा त्यांनी ते केलेलं असतं, आणि सोडून देण्याला सबळ कारण असतं. पहिले तीन महिने नावं, भाषा आणि कामाची रीत शिकण्यातच जाऊ द्या. एखादा स्थानिक सहकारी जोडीला घ्या आणि प्रत्येक काम त्याच्याच हातून होऊ द्या, वेळ दुप्पट लागला तरी.

संस्था न पारखता पैसे भरणं

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम किंवा ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था अनुभवी माणसांना निर्वाहभत्ता देते. काही कंपन्या उलट तुमच्याकडूनच शुल्क घेतात. ते जातं कुठे, काम स्थानिकांनी मागितलंय का, आपल्यामुळे तिथल्या कुणाची नोकरी तर जात नाही ना, हे आधी विचारा. अनाथाश्रमात थोड्या दिवसांसाठी जाणं मात्र टाळाच. लळा लावून निघून जाणारी माणसं मुलांना पुन्हापुन्हा तोडतात, आणि अशा कित्येक आश्रमांतल्या मुलांचे आईवडील हयात असतात.

दुखणं लपवणं

नकार येईल या भीतीनं रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया अर्जात लिहिली जात नाही. पुढे विमा नाकारला जातो तो याच कारणानं. पीतज्वराची लस साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून प्रवासाआधीचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांशी वेळेत बोला; शिवाय तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य होतं. दातांची कामं निघण्यापूर्वी उरका. औषधं मूळ वेष्टणात, त्यांतल्या घटकांची नावं लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कोडीनसारख्या वेदनाशामकांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. विम्यात आणीबाणीत हवाई मार्गानं हलवण्याचा खर्च धरलाय का आणि वयाची अट काय, हे स्वतः वाचा.

पर्यटक व्हिसावर काम करू नका. बिनपगारी असलं तरी अनेक देशांत ते बेकायदा ठरतं.

घरच्यांना गृहीत धरणं

जोडीदार निव्वळ तुमच्या हौसेखातर येत असेल, तर तिसऱ्या महिन्यापासून त्याचे दिवस सरत नाहीत. त्याच्यासाठी वेगळं काम आधीच ठरवा, किंवा एकट्यानं कमी मुदतीसाठी जा. बँक, घर, आजारी आईवडील यांची जबाबदारी कुणाकडे, ते लेखी ठरवून ठेवा. आणि मध्येच परतावं लागलं तर अपराधी वाटून घेऊ नका. समन्वयकाला लवकर कळवा, म्हणजे तुमचं काम जोडीला घेतलेल्या स्थानिक सहकाऱ्याच्या हाती नीट सोपवायला दोन-तीन आठवडे तरी मिळतील.