पोर्टेबल हार्डनेस टेस्टर वापरताना या चुका टाळा

जॉबचा (तपासायच्या धातूच्या भागाचा) हार्डनेस म्हणजे कडकपणा कमी आला की पहिला संशय हीट ट्रीटमेंटवर जातो आणि कधी कधी चांगला जॉब विनाकारण पुन्हा भट्टीत जातो. त्याआधी रीडिंग कसं घेतलं ते तपासा. लीब टेस्टर हा पोर्टेबल हार्डनेस टेस्टरचा नेहमीचा प्रकार. त्यात टंगस्टन कार्बाइडचा गोळा असलेला छोटा दट्ट्या जॉबवर आदळून उसळतो. उसळीचा वेग भागिले आदळतानाचा वेग, गुणिले 1000, म्हणजे तुमचं रीडिंग. आदळण्याची ऊर्जा दुसरीकडे कुठे वाया गेली, तर कडक जॉबही मऊ दिसतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती हलक्या आणि पातळ जॉबवर. लीबच्या नेहमीच्या डी प्रोबला (जॉबवर टेकवायच्या, दट्ट्या असलेल्या भागाला) जॉब साधारण 5 किलोचा आणि 25 मिमी जाडीचा हवा. 2 ते 5 किलोच्या जॉबला खाली भक्कम आधार द्या. त्याहून हलका असेल तर जड, सपाट प्लेटवर कपलिंग पेस्टचा पातळ थर लावून, फिरवत दाबून बसवा. मध्ये हवा राहिली तर पेस्ट लावून उपयोग नाही. मोठ्या पाइपचं वजन बघून बरेच जण निर्धास्त होतात. पण भिंत 6 मिमीची असेल तर ठोक्यासरशी तीच थरथरते आणि आकडा खाली येतो. अशा ठिकाणी माझं मत सरळ यूसीआय प्रोबच्या (ठोक्याऐवजी अल्ट्रासोनिक कंपनांनी मोजणाऱ्या) बाजूने आहे. मात्र त्याचा ठसा फार बारीक असतो, म्हणून भरड दाण्याच्या कास्टिंगवर तो नको.

दुसरी मोठी चूक पृष्ठभागाची. डी प्रोबसाठी खडबडीतपणा सुमारे 2 मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणा) किंवा त्याहून कमी हवा. फोर्जिंग किंवा हॉट रोल्ड जॉबवर खपलीखाली (तापवताना साचलेल्या ऑक्साइडच्या थराखाली) कार्बन कमी झालेला मऊ थरही असतो. नुसती खपली काढून चमक आली म्हणून थांबू नका. थोडं घासा, रीडिंग घ्या, पुन्हा घासा. आकडा चढत असेल तर थर अजून शिल्लक आहे. स्थिरावला की खरा धातू लागला. ग्राइंडर मात्र दाबून चालवू नका. जागा निळी पडली की तिथला हार्डनेस तुम्हीच बदललेला असतो.

मटेरियल सेटिंग न बदलता एचआरसी (रॉकवेल सी हार्डनेस) लिहून देणं ही घातक सवय आहे. लीब आकड्यावरून एचआरसी काढायचे रूपांतराचे तक्ते धातूनुसार वेगळे असतात. कार्बन स्टीलच्या सेटिंगवर ऑस्टेनिटिक स्टेनलेसचं रीडिंग चालणार नाही. रिपोर्टमध्ये मूळ एचएलडी (डी प्रोबचा लीब) आकडाही लिहाच.

बाकीचं थोडक्यात: प्रोब काटकोनात धरा, आडवं किंवा खालून वर मोजताना दिशा सेट करा (काही नवे प्रोब स्वतः ओळखतात), एकाच ठशावर पुन्हा ठोका मारू नका, कडेपासून किमान 5 मिमी आत राहा. 30 मिमीपेक्षा कमी त्रिज्येच्या गोलाईला सपोर्ट रिंग (प्रोबच्या टोकाची, जॉबवर टेकणारी रिंग) बदला. जॉबमध्ये चुंबकत्व उरलं असेल तर आधी घालवा, कारण वेगाचा सिग्नल चुंबक आणि कॉइलमधूनच मिळतो.

रीडिंग विचित्र वाटलं तर आधी टेस्ट ब्लॉक (हार्डनेस माहीत असलेला ठोकळा) घेऊन त्यावर मोजा. ब्लॉकवरही चुकत असेल तर प्रोबची नळी ब्रशने साफ करा, गोळा झिजलाय का ते भिंगातून पाहा, रिंग घट्ट करा. ब्लॉक बरोबर पण जॉबवर पाच ठोक्यांचे आकडे विखुरलेले असतील, तर पृष्ठभाग किंवा आधारात दोष आहे. आकडे जवळजवळ आणि तरीही कमी असतील, तर जाडी आणि सेटिंग पुन्हा पाहून जॉब किंवा त्याचा नमुना बेंच मशीनवर तपासा. भट्टीचा निर्णय त्यानंतर घ्या.